काट्यांच्या बागेतलं चाक

सांगोल्याकडे डाळिंबाची छाटणी झाली की बागेत नजर खाली ठेवूनच चालावं लागतं. डाळिंबाच्या बारीक फांदीचं टोकच काटा होतं, आणि वाळला की तो खिळ्यासारखा टणक होतो. ठिबकच्या नळ्यांमुळे आमच्याकडे शेणखत झाडाच्या बुडापर्यंत एकचाकी ढकलगाडीनंच न्यावं लागतं. बहार धरायच्या दिवसांत त्यामुळे निम्मा वेळ पंक्चर काढण्यातच जायचा. ट्यूब घमेल्यातल्या पाण्यात बुडवायची, बुडबुडा दिसला की खूण करायची, घासायचं, सोल्युशन, पॅच. एवढं करूनही तासाभरात चाक पुन्हा बसायचं, कारण काट्याचं मोडकं टोक टायरच्या रबरातच राहिलेलं असतं. बाहेरून ते दिसत नाही. टायरच्या आतून चिंधी फिरवली की ती जिथे अडकते, तिथे ते सापडतं.

आमच्या गाडीचं चाक ४.००-८ मापाचं. रिक्षाच्या टायरचंही हेच माप, म्हणून आधी तो जाड टायर घालून पाहिला. पंक्चर कमी झाली, पण थांबली नाहीत. ट्यूबमध्ये सीलंट भरलं. तळाची बारीक भोकं ते बुजवतं, बाजूला घुसलेल्या काट्यापुढे मात्र त्याचं फारसं चालत नाही.

मग भरीव रबराचं चाक आणलं. "पाव्हणं, काटा काय, खिळाबी शिरायचा न्हाई," दुकानदार म्हणाला, आणि ते खरंही होतं. पण कामावरच्या मावशींनी भरलेली गाडी दोन ओळी ढकलली आणि खाली टेकवली. "मालक, ह्याचा दणका पार खांद्यात बसतोय." चाकात हवाच नाही, म्हणजे ढेकळाचा प्रत्येक धक्का दांड्यातून थेट हातात. चाक निवडताना गाडी कोण ढकलणार हे आधी पाहायला हवं, काट्याचा विचार त्यानंतर.

शेवटी पीयू फोमचं चाक घेतलं. आत सगळीकडे बारीक बंद छिद्रं असतात. काटा घुसला तरी निसटायला हवाच नसते. भरीव रबरापेक्षा हे हलकं आणि थोडं दबतंही. हवेच्या चाकाइतकं मऊ चालत नाही, किंमतही जास्त, तरी मावशींनी ते ठेवून घ्यायला सांगितलं. भरलेली गाडी बरेच दिवस एका जागी उभी राहिली तर ते तळाशी चपटं होतं, म्हणून काम संपलं की गाडी रिकामी करून शेडमध्ये पालथी घालतो.

दुसऱ्या गाडीलाही हेच घालायचंय. तिची आस २० मिलिमीटरची आहे, पहिलीची १६ची. त्यामुळे बेअरिंगचं भोक आणि हबची रुंदी मोजल्याशिवाय पैसे देणार नाही.