बंद पेटीतला पाऊस

पाऊस कुठं कुठं पडतो असं विचारलं, तर तुम्ही म्हणाल, "बाई, हा काय प्रश्न झाला? शेतात पडतो, रस्त्यावर पडतो, शाळेच्या गळक्या व्हरांड्यातसुद्धा पडतो!" पण कुलूप घातलेल्या, चारी बाजूंनी बंद लोखंडी पेटीत पाऊस पडतो, असं मी म्हटलं तर? पटत नाही ना? मग ऐका. याच पावसानं माझ्या मामीचे आणि तिच्या बचत गटातल्या अकरा बायकांचे साठ हजार रुपये अडकवले होते.

ही पेटी म्हणजे कंटेनर. ट्रेलरवर लादलेले लाल, निळे, तपकिरी कंटेनर तुम्ही हमरस्त्यावर पाहिले असतील. २० फुटी आणि ४० फुटी ही त्यांची नेहमीची मापं. १९५६ साली अमेरिकेत माल्कम मॅक्लीन या ट्रकच्या धंद्यातल्या गृहस्थानं 'आयडियल एक्स' नावाच्या जहाजावर अशा ५८ पेट्या चढवल्या आणि नेवार्कहून ह्यूस्टनला नेल्या. त्याआधी गोणी, पिंपं, खोकी असं सगळं हमाल एकेक करून जहाजात चढवत. आता पेटी गोदामात भरायची, दाराला सील ठोकायचं, ते उघडायचं थेट परदेशात. दाराच्या कडेला रबरी पट्टी असते. पेटी धड असेल तर बाहेरच्या पावसाचा थेंबही आत जात नाही.

मामी रत्नागिरी जिल्ह्यातली. तिचा गट अमृत कोकमाच्या बाटल्या, पोह्याचे पापड आणि कुळथाचं पीठ करतो. २०२४च्या श्रावणात हा माल पनवेलजवळच्या एका व्यापाऱ्याच्या गोदामातून कंटेनरमध्ये भरला गेला आणि न्हावाशेवा बंदरातून इंग्लंडला निघाला. दिवाळी होती १ नोव्हेंबरला. इतक्या आधी का? अहो, विमान नव्हे, जहाज ते! शिवाय २०२३च्या अखेरीपासून तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले होते. त्यामुळं १८६९ साली खुला झालेला सुएझ कालव्याचा जवळचा रस्ता सोडून बहुतेक मोठी जहाजं आफ्रिकेला वळसा घालून जात होती. नकाशा उघडा आणि बोट फिरवा पाहू. कोकणातली दमट हवा, मग केप ऑफ गुड होपजवळची थंडी, पुन्हा विषुववृत्ताचा उकाडा आणि शेवटी इंग्लंडचा गारठा. बिचाऱ्या पापडांनी एका फेरीत किती ऋतू पाहिले!

फेलिक्स्टो बंदरात उतरून पेटी गोदामात गेली. दार उघडलं तर काय? वरच्या खोक्यांवर पाण्याचे डाग, बाटल्यांची लेबलं सुटलेली, पापडांना बुरशी. खालचे खोके दबून फाटलेले, कितीतरी बाटल्या फुटलेल्या. व्यापारी म्हणाला, "तुमचाच माल ओला होता. पैसे मिळणार नाहीत." मामीचा मला फोन आला, "अगो, पीठ आम्ही भाजून भरलं, पापड कडक उन्हात वाळवले ते वैशाखात. ओला कसा असेल? तू शाळेत मुलांना शिकवतेस ना, मग सांग मला, पाणी आलं कुठून?"

समुद्राचं पाणी शिरलं असेल, असं तुम्हालाही वाटेल. विम्याच्या तपासनिसानं ते आधी पाहिलं. त्याची युक्ती मला फार आवडली. ओल्या पुठ्ठ्यावर सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणाचे थेंब टाकायचे. पाणी खारं असेल तर तिथं दुधासारखा पांढरा साका दिसतो. इथं तसं काही दिसलं नाही. पाणी गोडं होतं. छतालाही कुठं भोक नव्हतं.

मग मी माझ्या चौथीच्या वर्गालाच कामाला लावलं. काचेच्या बरणीत ओलसर पुठ्ठ्याचे तुकडे टाकले, वर स्टीलची ताटली झाकली आणि बरणी उन्हात ठेवली. चांगली तापल्यावर ताटलीवर बर्फ ठेवला. थोड्या वेळानं ताटली उचलली, तर खालच्या बाजूला थेंबच थेंब! एक मुलगा ओरडला, "बाई, ढग झाला!" अगदी बरोबर. पुठ्ठ्यातलं पाणी उन्हानं वाफ होऊन हवेत गेलं आणि गार ताटलीला लागून पुन्हा पाणी झालं. कंटेनरमध्ये हेच होतं. दिवसा ऊन लागून आतली हवा तापते, रात्री किंवा थंड मुलखात लोखंडी छत गार पडतं, आणि छतावरून थेंब टपकू लागतात. जहाजावरची मंडळी याला 'कंटेनर रेन' म्हणतात.

आता फुटलेल्या बाटल्यांचं कोडं. मामीचा बारा बाटल्यांचा खोका १७ किलोचा. एकावर एक असे सहा थर रचले, तर सगळ्यात खालच्या खोक्यावर भार किती? पाच गुणिले सतरा, म्हणजे ८५ किलो. तुमच्या हेडमास्तरांपेक्षा जास्तच! कोरडा पुठ्ठा हे ओझं पेलतो. ओला झाला की त्याचा जोर जातो. एक खोका बसला की वरचे कलंडतात.

(जाता जाता एक गंमत. ४० फुटी पेटी चिवड्याच्या पाकिटांनी छतापर्यंत भरता येते. बाटल्यांनी मात्र नाही, कारण वजनाची मर्यादा आधीच संपते!)

पण ओल आली कुठून? पीठ कोरडं, पापड कोरडे. उरली लाकडाची पॅलेट, म्हणजे ज्या फळ्यांच्या चौकटीवर खोके रचतात ती. पावसात भिजलेलं लाकूड भरपूर पाणी धरून ठेवतं. गटातल्या एका ताईंनी माल चढवताना हौसेनं मोबाइलवर फोटो काढले होते. त्यातल्या एका फोटोत सगळ्यांच्या मागं, उघड्यावर, भर पावसात व्यापाऱ्याच्या पॅलेट रचलेल्या दिसत होत्या! मामीनं तो फोटो मोठा करून छापला आणि एस.टी.नं थेट पनवेल गाठलं. तासभर बोलाचाली झाली. तीस हजार रुपये मिळाले. उरलेल्या तीस हजारांसाठी ती अजून फेऱ्या मारते आहे.

पुढच्या खेपेला मामीच्या अटी कडक होत्या. पेटीत कॅल्शियम क्लोराईडच्या पिशव्या टांगायच्या. हे मीठ हवेतली वाफ शोषून घेतं. बुटांच्या खोक्यात 'खाऊ नका' लिहिलेली पुडी असते ना, तिचा हा थोरला भाऊ समजा. खोक्यांवर जाड कागद अंथरायचा. आणि गटानं एक छोटं यंत्रही विकत घेतलं. त्याच्या दोन सुया लाकडात टोचल्या की ओल किती टक्के ते दिसतं.

माल भरायच्या दिवशी मी सुट्टी काढून गेले होते. मामी पदर खोचून गोदामाच्या दारात उभी होती आणि एकेका पॅलेटला सुया टोचत होती. आकडा २०च्या वर दिसला की हमालाला म्हणायची, "ही नको हो दादा, परत न्या." दुपारपर्यंत नऊ परत गेल्या होत्या.