बर्फातले चाकांवरचे घर

देवास व धार येथील आपल्या समाजातील कितीतरी घरांची मुले आता परदेशी आहेत. आमची कन्या व जावई कॅनडात कॅलगरी येथे असतात. त्यांच्याकडे कॅम्पर, म्हणजे चाकांवरचे घर आहे. मुक्कामी बटण दाबले की भिंतीचा एक भाग टेबलाच्या खणासारखा बाहेर सरकतो आणि आत पलंगापुरती जागा वाढते. याला स्लाइड-आउट म्हणतात. थंडीत सर्वांत जास्त जपावे लागते ते यालाच.

खणाचे छत सपाट, त्यामुळे त्यावर बर्फ साचतो. घरातल्या उबेने खालचा थर वितळतो, पाणी कडेच्या रबरी पट्टीपाशी उतरते व रात्री गोठते. गोठताना पाणी सुमारे 9 टक्के फुगते. पट्टी भिंतीला चिकटते. अशा वेळी खण आत ओढला तर रबर फाटते, मोटर अडते. खण बाहेर राहिला की गाडी हलवता येत नाही, आणि वादळ तोंडावर असताना मुलाबाळांसह तिथेच अडकावे लागते.

म्हणून मोठ्या हिमवर्षावाची सूचना मिळताच खण आधीच आत घ्यावा. बाहेर ठेवणे भाग असेल तर बर्फ ताजा व हलका असतानाच मऊ ब्रशने लोटावा. ओला झाला की तो फार जड होतो. लोखंडी फावडे व हातोडी वापरू नये. उकळते पाणीही नको, ते पुन्हा तिथेच गोठते. हिवाळ्यापूर्वी पट्ट्या पुसून, कोरड्या करून त्यांवर सिलिकॉन लावावे. खणावर ताणलेले कापडी छत असले तरी त्यावरचाही बर्फ झाडावा लागतो.

विद्यार्थी मित्रहो, आपल्याकडे बर्फ पडत नाही, पण पाला पडतो. मराठीत पाला म्हणजे झाडाची पाने. माळव्यात मात्र पाला पडला म्हणजे दव गोठून हरभरा, मटार करपले. तशी रात्र येणार असे दिसताच शेतकरी संध्याकाळी हलके पाणी देतो, कारण ओली जमीन ऊब जास्त धरते. पावसाळ्यापूर्वी कवेलू फेरणारे आपले आजोबाही हेच करीत. कॅलगरीचा खण असो की देवासचा हरभरा, राखण आदल्या दिवशीच करावी लागते. सकाळी जोर लावून काही उपयोग नाही.