विजयानंतरची कादंबरी: ‘ड्यून मसाया’चे पुनर्वाचन

एका वाचकाने स्वतःच्याच जुन्या वाचनाविरुद्ध दिलेली साक्ष, असे प्रस्तुत लेखनाचे स्वरूप आहे. फ्रँक हर्बर्टची ‘ड्यून’ (१९६५) मी एम. ए.ला असताना वसतिगृहाच्या खोलीत चार रात्रींत वाचून काढली. वाळवंटातील एका पिडलेल्या जमातीला नेता लाभतो आणि तो साम्राज्य उलथवून टाकतो, एवढेच मला तेव्हा दिसले. त्याच भरात ‘ड्यून मसाया’ (१९६९) हाती घेतली आणि काही प्रकरणांनंतर रागाने मिटून ठेवली. लेखकाने आपल्याच नायकाचा घात केला, अशी माझी तक्रार होती. पुढे अनेक वर्षांनी वर्गात एका विद्यार्थिनीने विचारले, “सर, पहिल्या कादंबरीचा अर्थ कळावा म्हणून दुसरी लिहावी लागली, तर अपयश कोणाचे मानायचे? लेखकाचे की वाचकाचे?” मला उत्तर देता आले नाही. मिटलेले पुस्तक मी त्यानंतर पुन्हा उघडले.

पहिल्या कादंबरीच्या शेवटानंतर बारा वर्षांनी ही कथा सुरू होते. पॉल अट्रायडीज सम्राट आहे आणि त्याच्या नावाने चाललेल्या धर्मयुद्धात ६१ अब्ज माणसे मारली गेली आहेत. महाकाव्याच्या विस्ताराकडून हर्बर्ट येथे बंद दालनातील शोकात्मिकेकडे वळतो. कारस्थाने, सल्लामसलती, संशय यांनीच कथेचा अवकाश व्यापला आहे. रूपबंधातील हा बदल ज्याला मानवत नाही, त्याला ही कादंबरी आटलेली वाटते. मलाही तशीच वाटली होती.

या कृतीचे खरे सामर्थ्य भविष्यदृष्टीच्या हाताळणीत आहे. एका अण्वस्त्राच्या स्फोटात पॉलचे डोळे जातात; तरीही त्याला ‘दिसत’ राहते, कारण प्रत्यक्ष घडणारे आणि पूर्वी दृष्टान्तात पाहिलेले तो तंतोतंत जुळवत जातो. म्हणजे पाहण्यासाठी त्याला ठरल्याप्रमाणेच वागावे लागते. ज्ञान हेच बंधन होते, ही कल्पना येथे केवळ विचार म्हणून येत नाही, ती नायकाच्या देहावर घडते. चानीला जुळी मुले होतात आणि ती मरते. दृष्टान्तात त्याने एकच मुलगी पाहिलेली असते. न पाहिलेला मुलगा जन्मतो आणि त्याची ती दृष्टीही जाते. शेवटी आंधळ्याला वाळवंटात सोडण्याचा फ्रेमेन जमातीचा कायदा तो स्वतःला लागू करतो. मात्र देवत्व नाकारणारी ही कृतीच त्याची दंतकथा अधिक पक्की करते. या उपरोधात हर्बर्टची राजकीय जाण सर्वाधिक प्रगल्भ दिसते.

दोष त्याच ठिकाणी सुरू होतात. धर्मयुद्ध संपूर्णतः पडद्याआड राहते. ६१ अब्ज हा आकडा पॉल स्वतः, चंगीझखान आणि हिटलर यांचे दाखले देत, सांगतो. पण त्या संख्येला चेहरा मिळत नाही. फारोक नावाचा जुना योद्धा समुद्र पाहण्याच्या ओढीने युद्धावर गेल्याचे सांगतो, तो प्रसंग अविस्मरणीय आहे. तरीही भ्रमनिरास झालेला हा माणूस जेत्यांपैकीच आहे. जिंकले गेले त्यांच्या वतीने कोणी बोलत नाही. चानीला मातृत्व आणि मृत्यू यांपलीकडे फारसे काही करायला उरत नाही. डंकन आयडाहोचे पुनरुज्जीवन कथानकाची सोय म्हणून अधिक जाणवते.

येथे मला भवभूतीचे ‘उत्तररामचरित’ आठवते. तेही विजयानंतरचेच लेखन आहे. त्यातील छायांकात सीता अदृश्य राहून रामाचा शोक ऐकते. ज्याच्यावर अन्याय झाला ती व्यक्ती रंगभूमीवर उपस्थित असते, म्हणून त्या शोकाला साक्षी मिळतो. पॉलच्या पश्चात्तापाला असा साक्षी नाही. तो स्वतःचाच श्रोता राहतो. वाचकाने पुन्हा नायकासाठीच हळहळावे, अशी त्यामुळे रचना होते. ज्या मोहावर उतारा म्हणून ही कादंबरी लिहिली गेली, तो मोह दुःखाच्या रूपाने परत येतो.

मग अपयश कोणाचे? ‘ड्यून’मध्ये सूचना होत्या. पॉलला धर्मयुद्धाची दृश्ये आधीपासून दिसतात आणि मरणोन्मुख काइन्सच्या भ्रमात त्याचा पिता नायकाच्या हाती सापडण्याचे संकट बोलून दाखवतो. मी ती पाने वाचली होती आणि ओलांडली होती. ही माझी जबाबदारी. पण त्या पानांभोवतीच्या कथनाची सारी गती विजयाच्या दिशेने होती, हेही खरे. डेनी विल्नव्हच्या २०२४च्या चित्रपटात चानी पॉलविषयी उघड संशय बाळगते. उत्तरभागातील शंका तेथे पूर्वभागातच आणली गेली आहे. मूळ संहितेत संशय घेणाऱ्या अशा आवाजाची जागा रिकामी होती, असे मी त्यातून समजतो.

त्या विद्यार्थिनीला मी आज एवढेच सांगेन, की अपयश दोघांचे होते आणि ‘ड्यून मसाया’ने लेखकाच्या वाट्याचे अर्धे फेडले. वाचकाच्या वाट्याचे फेडण्यासाठी मला ते मिटलेले पुस्तक पुन्हा उघडावे लागले. वर्गात एखाद्या नायकाविषयी भारावून बोलू लागलो, की आता मी मध्येच थांबतो आणि कथेत कोणाला बोलू दिलेले नाही, हे विद्यार्थ्यांना विचारतो.