तहानेच्या आधी

विद्यापीठाला सार्वजनिक सुरक्षेवरच्या संशोधन केंद्रासाठी प्रमुख हवा आहे, आणि अर्जात विचारलंय : पाच वर्षांत केंद्र काय साधेल? लिहायला बसलं की एकच म्हण आडवी येते. तहान लागल्यावर विहीर खणू नये. उत्तर म्हणून ती पुरेशी आहे. पण बेडशाच्या लेण्यांखाली राहून ती एवढ्यावर सोडता येत नाही.

वर लेण्यात चैत्यगृहाजवळ कातळात खोदलेली पाण्याची टाकी आहेत. त्यांतल्या एकावर ब्राह्मी लेख आहे : महाभोजाची लेक, महारठिणी सामडिनिका हिचं दान. दोन हजार वर्षांपूर्वीचं. काठाशी वाकलं तर छिन्नीचे घाव हाताला लागतात. असा कातळ फोडायचा तर किती हात, किती धान्य, किती महिने लागले असतील! आणि तहान कोणाची? दान देणारी इथं राहणार नव्हती. खोदणारे काम संपवून पुढच्या डोंगराकडे गेले असणार. पिणारे भिक्षू. म्हण मात्र एकाच माणसाशी बोलते : तूच तहानलेला, तूच खण. इथं देणारी, खणणारे आणि पिणारे वेगवेगळे होते, तरी टाकं वेळेआधी झालं. ते मला फार मोठं वाटतं.

पण त्यांची तहान ठरलेली होती. पाऊस सरला की फाल्गुनात डोंगर कोरडा पडतो, हे शेंबड्या पोरालाही कळतं. अपघाताची तहान अशी सांगून येत नाही. की येते? इंद्रायणीवरच्या कुंडमळ्याचा लोखंडी पूल धोकादायक आहे, असा फलक तिथं होता. १५ जून २०२५, रविवार. पूल माणसांनी भरलेला असताना कोसळला, चार जण गेले. त्याच्या आदल्या वर्षी, ३० जूनला, भुशी धरणाच्या वरच्या अंगाला एका कुटुंबातले पाच जण वाहून गेले. एकमेकांना धरून पाण्यात उभी असलेली ती माणसं अख्ख्या महाराष्ट्रानं मोबाइलवर पाहिली. शोधायला उतरली ती लोणावळ्याच्या शिवदुर्ग या बचाव पथकाची पोरं, दोर घेऊन. पाणी कुठं ओढतं, प्रेत कुठं अडकतं, हे त्यांना पाठ आहे. खरं तर केंद्रप्रमुखाच्या खुर्चीत त्यांच्यातलं कुणी बसायला हवं. पण अर्जात पीएचडी मागितली आहे.

म्हणजे विहीर होती, असं म्हणायचं का? फलक होता, मनाई होती, माहिती होती. पावसाळी रविवारी पुण्या-मुंबईहून आलेल्या माणसाला तहानच जाणवत नव्हती. मग संशोधन कशाचं करायचं, पुलाचं की त्या माणसाच्या मनाचं?

इथवर आलं की इर्शाळवाडी आठवते. १९ जुलै २०२३च्या रात्री ती दरडीखाली गेली. दरडप्रवण गावांची यादी सरकारकडे होती, तीत त्या वाडीचं नावच नव्हतं. यादी करणारेही तहानेच्या आधीच खणायला बसले होते. त्यांना आळशी म्हणायला जीभ रेटत नाही. उद्या माझ्या केंद्रानं नवी यादी केली आणि पुढची दरड तिच्याही बाहेर कोसळली तर? आणि नाव घातलेल्या गावात वीस वर्षं काहीच झालं नाही, तर घरं सोडून पत्र्याच्या शेडमध्ये गेलेल्या माणसांना कोणत्या तोंडानं सांगायचं, की हेच साधायचं होतं?

सामडिनिकेला एवढं तरी दिसलं असेल, की टाक्यात पाणी साचलं. मी पाच वर्षांनी समितीला काय दाखवणार, तो रकाना अजून कोरा आहे. अर्ज मागे घ्यावासा वाटत नाही, आणि तो का करावा हे मात्र काल होतं तेवढंही आज स्पष्ट नाही.