पागेत हत्ती

जर्मनीतील स्टुटगार्ट शहराच्या नावातच घोडे आहेत. घोड्यांच्या पैदाशीची पागा जिथे होती तिथे हे शहर वाढले. म्हणून शहराच्या मुद्रेवर घोडा, आणि तिथल्या पोर्शे कंपनीच्या चिन्हाच्या मधोमधही घोडाच. अशा घराण्याने २००२ साली पॅरिसच्या मोटार प्रदर्शनात 'कायेन' नावाची एक उंच, चार दारांची, दोन टनांहून जड अशी जीपवजा गाडी आणून उभी केली. माझा भाचा चाकणच्या एका कारखान्यात अभियंता आहे. त्याच्या मते त्या दिवशी पागेत हत्ती बांधला गेला.

मराठी मुलांच्या शाळेतल्या मुख्याध्यापकाने मोटारींवर का लिहावे, असे वाचकांना वाटेल. माझ्या दारात आजही स्कूटरच आहे. परंतु माझे वडील बेळगावच्या उद्यमबागेत एका फाउंड्रीत साचे करीत. त्यांच्या कपड्यांना येणारा जळक्या वाळूचा आणि तेलाचा वास हा माझ्या लहानपणाचा वास आहे. कुठल्याशा मोटारीच्या पोटात बसणारा लोखंडाचा तुकडा आपल्या बापाने ओतला आहे, हे माहीत असलेल्या मुलाला मोटार ही निव्वळ श्रीमंतांची वस्तू वाटत नाही. आणि पोर्शे हे नाव तर आता मराठी घरांना सांगायला नको. मे २०२४ मध्ये पुण्याच्या कल्याणीनगरात दोन तरुण जीव गेले तेव्हापासून ते वाईट कारणाने घरोघरी पोहोचले आहे.

गणपतीत भाचा येतो. मग संध्याकाळी त्याचे मित्र जमतात आणि हा वाद पेटतो. त्यांतला एक माझा जुना विद्यार्थी, शहरात त्याचे गॅरेज आहे. यांपैकी एकाकडेही पोर्शे नाही आणि कुणाकडे येईल असेही नाही. पण वाद घालायला मालकी कशाला लागते? आपण सारे आयुष्यभर न खेळलेल्या क्रिकेटवर बोलतोच की.

भाच्याचे म्हणणे असे : स्पोर्ट्स कार म्हणजे बुटकी, हलकी, जमिनीला चिकटून वळणारी. चालवणाऱ्याला रस्ता तळहातावर जाणवला पाहिजे. पोर्शेची ९११ ही गाडी १९६३ साली फ्रँकफर्टला लोकांसमोर आली. तिचे मूळ नाव ९०१. पण मधे शून्य असलेल्या तीन आकडी नावांवर फ्रान्सच्या प्यूजोने हक्क सांगितला, म्हणून शून्याच्या जागी एक आला. तेव्हापासून आजतागायत तिचे इंजिन मागच्या चाकांच्याही मागे आहे. शास्त्राने पाहिले तर ही जागा चुकीचीच. पण साठ वर्षे त्या चुकीवर मेहनत घेऊन त्यांनी तिचे वैशिष्ट्य केले. "अशा माणसांनी जीप विकायची, मामा? उद्या तुम्ही मराठीचा तास सोडून शिकवणीची जाहिरात केलीत, तर?"

यावर गॅरेजवाल्याचे उत्तर ठरलेले. "आधी पोटोबा, सर. कंपनी बुडाली असती तर ह्याची ९११ आज म्युझियममध्ये बघायला मिळाली असती."

मला खोलात शिरायची सवय, म्हणून मी जुने आकडे पाहिले. त्याचे म्हणणे बरेचसे खरे आहे. १९८० च्या दशकाच्या मध्यावर पोर्शे वर्षाला पन्नास हजारांवर गाड्या विकत होती. १९९२-९३ च्या सुमारास तो आकडा पंधरा हजारांच्या आसपास घसरला. अमेरिकेतली मंदी, महागडा मार्क, आणि कारखान्यात सगळे काही जुन्या सावकाशीने चाललेले. १९९३ मध्ये वेंडेलिन वीडेकिंग यांच्या हाती कारभार आला. त्यांनी जपानी सल्लागार बोलावले, आणि सुट्या भागांनी भरलेल्या उंच मांडण्या स्वतः करवत चालवून खाली आणल्या, अशी कथा सांगतात. जर्मन कामगारांना जपान्यांनी कारखाना कसा चालवावा हे शिकवावे, यात केवढा मानभंग असेल! पण तो त्यांनी सोसला. १९९६ मध्ये बॉक्स्टर ही तुलनेने स्वस्त दोन आसनी गाडी आली आणि कंपनीला श्वास मिळाला.

श्वास मिळाला म्हणजे आयुष्य मिळाले असे नव्हे. दोन स्पोर्ट्स गाड्यांवर कारखाना किती काळ तगेल, या धास्तीतून कायेन जन्मली. फोक्सवॅगनच्या टुआरेगबरोबर तिचा सांगाडा सामाईक ठेवला, खर्च वाटून घेतला, आणि लायपझिगला नवा कारखाना उभा केला. तिच्या रूपावर तेव्हा खूप टीका झाली. मलाही पहिली कायेन पाहताना सुजलेल्या डोळ्यांच्या माणसाची आठवण होते. परंतु डिसेंबर २०२० मध्ये दहा लाखावी कायेन बाहेर पडली. २०२४ साली पोर्शेने जगभर ३,१०,७१८ गाड्या पोहोचत्या केल्या, त्यांत कायेन १,०२,८८९ आणि तिची धाकटी बहीण माकान ८२,७९५. म्हणजे दर पाच गाड्यांत तीन उंच गाड्या.

हा आकडा मी वाचून दाखवला तेव्हा भाच्याने हात जोडले. "झालं! मग तिला पोर्शे तरी कशाला म्हणायचं?"

पण त्याच यादीत खाली आणखी एक आकडा होता, तो मात्र कुणीच विचारला नव्हता. त्याच वर्षी ९११ गेल्या ५०,९४१. म्हणजे चाळीस वर्षांपूर्वी सगळी कंपनी मिळून जेवढ्या गाड्या विकत होती, जवळजवळ तेवढ्या आज एकटी ९११ विकली जाते. हत्ती बांधला म्हणून घोडा उपाशी मेला, असे काही हा आकडा सांगत नाही. उलट हत्तीच्या मिळकतीवर घोड्याला हरभरा मिळाला. आता घोडाही पूर्वीचा राहिलेला नाही, हे खरे. पहिली ९११ हजार किलोंच्या थोडी वर भरे, आजची दीड हजारांच्या घरात आहे. आणि १९९० च्या दशकात ज्या बॉक्स्टरने घर सावरले, तिचे पेट्रोलवरचे उत्पादन २०२५ मध्ये थांबले. भाच्याला ते फार लागले आहे.

शुद्धतेच्या बाजूने बोलणाऱ्यांना मी एक गोष्ट मात्र विचारतो. शुद्ध कधी होते? फर्डिनांड पोर्शे यांनी फोक्सवॅगनची बीटल आखली. त्यांचे चिरंजीव फेरी पोर्शे यांनी १९४८ साली ऑस्ट्रियातल्या ग्म्युंड या गावात पोर्शे नावाची पहिली गाडी केली ती त्याच लोकगाडीचे भाग घेऊन. पुढे पोर्शेच्या आराखड्यावरचे लाल ट्रॅक्टर १९६३ पर्यंत जर्मनीत बनत होते. ट्रॅक्टरचे हे ऐकून गॅरेजवाल्याने अशी काही टाळी दिली की चहा सांडला. एवढेच कशाला, १९९७-९८ मध्ये ९११ चे हवेने थंड होणारे इंजिन जाऊन पाण्याने थंड होणारे आले, तेव्हाही रसिकांनी 'संपली ९११' म्हणून सुतक धरले होते. आज त्याच गाड्यांवर पुढची पिढी जीव टाकते.

तरीही मी गॅरेजवाल्याच्या बाजूचा पुरता झालो नाही, त्याला कारण इंग्लंडची लोटस. कॉलिन चॅपमन यांनी उभ्या केलेल्या या कंपनीचा मंत्र एकच : वजन कमी करा. १९९६ मध्ये आलेली त्यांची एलिस ही गाडी सव्वासातशे किलोंच्या आसपास होती. डिसेंबर २०२१ मध्ये एलिस बंद झाली. कंपनी २०१७ पासून चीनच्या जीली समूहाकडे आहे, आणि २०२२ मध्ये तिने एलेट्रे नावाची विजेवरची एसयूव्ही आणली, ती वूहानला बनते. वजन सुमारे अडीच टन! तीन एलिस तराजूच्या एका पारड्यात घातल्या तरी दुसरे पारडे खालीच राहील. गाडी वाईट नसेलही. परंतु ज्या नॉरफोकमधल्या हेथेलच्या कारखान्यासाठी हा सारा खटाटोप, तिथेच ऑगस्ट २०२५ मध्ये साडेपाचशेपर्यंत नोकऱ्या कमी करण्याचा विचार जाहीर झाला. पोर्शेच्या हत्तीने घोडा पोसला. लोटसच्या हत्तीने अजून तरी कुणाला पोसलेले दिसत नाही. फेरारीने आपल्या २०२२ च्या उंच गाडीला 'पुरोसांग्वे' म्हणजे अस्सल रक्ताचा असे नाव दिले आहे. अस्सलपणा नावात सांगावा लागला, यावर मी काय बोलणार!

इथवर आलो तरी वाचकांना शंका असेल की, सरांना एवढी तळमळ कशाची? ती सांगतो.

१९९५ साली मी या शाळेत शिक्षक म्हणून लागलो तेव्हा आठवीच्या पाच तुकड्या होत्या. आज दोन आहेत आणि दुसरी अर्धी रिकामी. निवृत्त झालेल्या तीन शिक्षकांच्या जागा भरलेल्या नाहीत. गणिताचा तास विज्ञानाचे शिक्षक घेतात, चित्रकलेचा मी. गेल्या वर्षी संस्थेच्या बैठकीत प्रस्ताव आला, की याच आवारात बालवाडीपासून इंग्रजी माध्यमाचा विभाग काढावा. जुने विद्यार्थी भडकले. ज्या शाळेसाठी आमच्या आजोबांनी घरोघर फिरून वर्गणी गोळा केली, तिथे ही पाटी? एकाने तर माझ्या भाच्याचाच प्रश्न वेगळ्या शब्दांत विचारला, की मग तिला आमची शाळा कशाला म्हणायची? त्या गृहस्थांचे दोन्ही नातू शहरातल्या एका इंग्रजी शाळेत जातात, हे कुणी बोलून दाखवले नाही. मीही नाही.

शाळा आणि मोटार यांची तुलना लंगडी आहे, हे मला कळते. कायेन घेणाऱ्याची ९११ कुणी हिरावून घेत नाही. मूल मात्र एकाच वर्गात बसते. दहा वर्षे ते ज्या भाषेत अपूर्णांक आणि पानिपत शिकले, ती भाषा पुढे त्याच्यापाशी राहते. दुसरी घरात बोलण्यापुरती. आमच्या शेजारच्या कन्नड माध्यमाच्या शाळेचे मुख्याध्यापक माझे स्नेही आहेत. त्यांच्याकडेही पट असाच घसरतो आहे. "तुमचं आमचं दुखणं एकच की सर," ते मला म्हणाले, "भांडण मात्र वेगवेगळं."

मी प्रस्तावाला विरोध केला नाही. नुसत्या अभिमानाने तुकडी भरत नाही, हे मी दर जूनमध्ये पाहतो. परंतु एका कलमाचा आग्रह धरला : इंग्रजी विभागाच्या वार्षिक शिलकेपैकी निम्मी रक्कम मराठी विभागाची प्रयोगशाळा, ग्रंथालय आणि रिकाम्या जागांवरील शिक्षकांचे मानधन यांसाठी बाजूला ठेवावी, आणि हे ठरावात लिहून ठेवावे. तोंडी नको. खजिनदारांना हे पटले नाही. पहिली काही वर्षे शिल्लकच पडणार नाही, उगाच हात का बांधून घ्यायचे, असे ते म्हणतात. त्यांचा हिशेब चूक नाही. पण हात मोकळे ठेवून घेतलेला हत्ती सगळा चारा स्वतःच खातो, अशी मला भीती आहे. दोघांनी आपापले म्हणणे नोंदवले आणि निर्णय पुढच्या बैठकीवर गेला.

ती बैठक मार्गशीर्षात आहे. कलमाचा मराठी मसुदा मी केला आहे. त्याची कन्नड प्रतही लागते, ती आमचे कन्नडचे शिक्षक करून देत आहेत. परवा मधल्या सुट्टीत ते कागद घेऊन बसले होते. 'शिल्लक' या शब्दाला कन्नडमध्ये काय घालताय, म्हणून मी विचारले.

"शिल्कु," ते म्हणाले, आणि पुढची ओळ लिहू लागले.