मेडिकल निघालं का?

नव्वदच्या दशकात वडूजच्या एसटी स्टँडवरून पोटासाठी गाव सोडणारे दोन तऱ्हेचे असायचे. सोनं-चांदी गाळणारे गलाईवाले वळकट्या घेऊन केरळ, तमिळनाडूकडे निघायचे. त्यांचं रक्त कुणी मागायचं नाही. दुबई-सौदीवाल्यांचं तसं नव्हतं. खटाव-माणच्या दुष्काळातून सुटायचं म्हणून जमीन गहाण टाकून एजंटाला पैसे दिलेले असायचे आणि मुंबईचं मेडिकल बाकी असायचं.

"मेडिकल निघालं का?" हा प्रश्न पोराच्या आईला सगळी आळी विचारायची. पोरगं आठवडाभर केळी-दूध खाऊन वजन वाढवायचं, कारण त्याला वाटायचं तपासणी वजनाची आणि डोळ्यांची. छातीचा फोटो, लघवी, रक्त. त्या रक्तात एचआयव्ही, कावीळ आणि गरमी (सिफिलिस) शोधतात, हे त्याला कुणी सांगितलेलं नसायचं. हातात यायचं ते फिट किंवा अनफिट.

अनफिट क्षयाच्या जुन्या डागामुळंही व्हायचं. पण गावाला एकच अर्थ ठाऊक होता, एचआयव्ही. देशात एचआयव्हीचं पहिलं निदान १९८६ साली चेन्नईत झालं आणि पुढच्या दशकात सातारा-सांगलीच्या गावोगावी त्याची दहशत पोचली. सांगलीत 'संग्राम' संस्थेनं १९९२ पासून वेश्यावस्तीत काम सुरू केलं, तिथल्या बायका निरोधाबद्दल उघड बोलू लागल्या. आमच्या आळीत मात्र तो शब्द काढायची सोय नव्हती. शेजारचा एक ड्रायव्हर मुंबईहून अनफिट होऊन परतला. व्हिसा रद्द झाला, असं त्यानं सांगितलं. लोकांनी त्याच्या घरचा चहा सोडला. निघाली होती ती 'बी' कावीळ. हे कळेपर्यंत बहिणीचं ठरलेलं लग्न मोडलं होतं.

गरमीच्या तपासणीचं तर आणखी वेगळं. व्हीडीआरएल चाचणी जंतू पाहत नाही, रक्तातल्या प्रतिपिंडांचा अंदाज घेते. मलेरियात, गरोदरपणातही ती कधीकधी खोटी पॉझिटिव्ह येते, म्हणून टीपीएचए करून खात्री करायची असते. आणि पेनिसिलिननं रोग पुरता बरा झाला, तरी टीपीएचए बहुतेकांची जन्मभर पॉझिटिव्हच राहते. म्हणजे बऱ्या झालेल्या माणसाच्या रक्तातही खूण उरते. हे समजावून सांगायला तेव्हा कुणाला वेळ नव्हता.

आता आखाती मेडिकलच्या 'गामका'चं नाव मागं पडलं, 'वाफिद' आलं. पोरं मोबाईलवरून तारीख घेतात आणि निकालही मोबाईलवरच बघतात, त्यामुळं आळीला पत्ता लागत नाही. हे फार बरं झालं. स्टँडवर पोचवायला येणारी पन्नास माणसं आता नसतात, याची हुरहूर वाटते खरी. पण तीच पन्नास माणसं निकालही वाचायची.

एचआयव्हीवरची औषधंही बदलली. त्याची सरकारी एआरटी २००४ पासून मोफत आहे आणि २०१७ पासून निदान होताच सुरू करतात. गोळ्या नियमित घेऊन रक्तातला विषाणू मोजता न येण्याइतका दबला, की शरीरसंबंधातून दुसऱ्याला लागण होत नाही. आखाताचा शिक्का तरीही जुनाच आहे: एचआयव्ही निघाला की अनफिट. अमेरिकेनं १९८७ साली घातलेली अशीच बंदी ४ जानेवारी २०१० ला उठवली.

तिथं ग्रीनकार्डाच्या मेडिकलमधून एचआयव्हीची सक्ती गेली, पण गरमी आणि परमा (गनोरिया) राहिले. गरमीचं रक्त १८ ते ४४ वयाला, परम्याची तपासणी १८ ते २४ ला. उपचार घेतले की अडकाठी राहत नाही. इथल्या एका आईला अमेरिकेतल्या मुलीनं व्हिडिओ कॉलवर हे सांगितलं, तेव्हा ती उसळली, "आमच्या पोरीला गरमी? त्यांची जीभ झडो!" मुलगी हसत म्हणाली, "आई, सगळ्यांचीच करतात गं." तीस वर्षांपूर्वी हे संभाषण वडुजात कुठल्याच घरात झालं नसतं.

बाहेरगावी निघालेल्या पोरांना एवढंच सांगणं आहे: एजंटाला पैसे देण्याआधी सरकारी दवाखान्यातल्या आयसीटीसीत, म्हणजे समुपदेशन-तपासणी केंद्रात, जा. एचआयव्हीची तपासणी तिथं मोफत होते, नाव बाहेर जात नाही. गरमी आणि काविळीचं तिथंच डॉक्टरांना विचारा. आणि अनफिट आलंच, तर गावाला तोंड दाखवायची चिंता सोडून, नेमकं कशात अनफिट झालो ते विचारून रिपोर्ट मागून घ्या.