कुंपणावरचा लाल

बागेत लाल रंगाची ददात नसते. कर्दळ आहे, एक्झोरा आहे, डिसेंबरात लालपत्ती आहे. पण लाल म्हटले की माझे मन धावते ते साध्या, पाच पाकळ्यांच्या गावठी जास्वंदीकडे. कर्दळीत पाकळ्या म्हणून जे मिरवते, ते खरे तर रूप पालटलेले पुंकेसर. लालपत्तीचा लाल फुलाचा नव्हे, पानांचा. तिची खरी फुले मधोमध, पिवळसर आणि इवलीशी. रात्री मोठ्या होऊ लागल्या की तिची शेंड्याची पाने रंगतात, आणि रस्त्यावरच्या दिव्याचा उजेड रात्रभर अंगावर पडत राहिला तर रंगायची राहून जातात. जास्वंदीला असा काही आडपडदा नाही. पाकळ्या त्या पाकळ्याच. त्यांच्यातून बाहेर झेपावलेला केसरांचा दांडा, त्यावर पिवळे परागकण आणि अगदी टोकाला पाच मखमली लाल ठिपके. सगळे उघड्यावर, उन्हात.

हा लाल मधमाशीला दिसत नाही, हे कळले तेव्हा मी कितीतरी वेळ त्या फुलाकडे पाहत बसलो होतो. मधमाशीला अतिनील किरण दिसतात, निळा दिसतो, पिवळा दिसतो. शुद्ध लाल मात्र तिच्या लेखी जवळजवळ अंधारच. पक्ष्यांना तो लांबून दिसतो. म्हणून आपल्याकडे जास्वंदीचा खरा पाहुणा म्हणजे सूर्यपक्षी, काही जण ज्याला शिंजीर म्हणतात. अंगठ्याएवढा जीव, बाकदार चोच, उन्हात क्षणात जांभळा तर क्षणात काळा. तो पुष्कळदा फुलाच्या तोंडाशी जातच नाही. देठाजवळ बसतो, पाकळ्यांच्या बुडाशी चोच खुपसतो आणि मध पिऊन उडून जातो. पराग त्याच्या अंगाला लागतही नाही. फुलाने एवढा दांडा पुढे केला, रंग उधळला, आणि पाहुणा मागच्या दाराने आला! तरी मला त्याचा राग येत नाही. सकाळच्या त्या दोन क्षणांसाठी सगळे कुंपण फुलले तरी थोडेच.

संध्याकाळी एक निराळीच गोष्ट घडते. दिवसभर डोळ्यांत भरणारा लाल, उजेड कमी होताच सगळ्यांत आधी काळवंडतो. फूल विझल्यासारखे होते आणि त्याच झाडाची हिरवी पाने अजून उजळ दिसत राहतात. अंधूक उजेडात आपल्या डोळ्यांची लाल रंगाची जाण आधी मंदावते. झेक शास्त्रज्ञ पुर्किन्ये यांनी 19व्या शतकाच्या आरंभी हे टिपून ठेवले, म्हणून या गोष्टीला त्यांचेच नाव आहे. तोवर इकडे फूलही मिटायला लागलेले असते. उमलल्यापासून त्याचे आयुष्य जेमतेम एका दिवसाचे. पूजेसाठी फुले लागणारी माणसे आदल्या संध्याकाळी कळ्या तोडून ठेवतात. त्या पाण्याविना, ताटलीतच सकाळी उमलतात आणि गणपतीच्या माथ्यावर दिवस काढतात. बंगालात हेच फूल कालीमातेला वाहतात. मलेशियाने तर 1960 साली त्याला राष्ट्रीय फूल केले.

आणि एवढे देशोदेशी पसरलेले हे झाड बी मात्र क्वचितच धरते. रानात आपसूक वाढलेली मूळ जास्वंद आज कुठे सापडत नाही. ती जगली ती माणसाच्या हातांनी, फांदीवरून फांदी होत. कुणाच्या तरी परसातली फांदी शेजारणीने मागून नेली, तिच्याकडून लेकीच्या सासरी गेली, तिथून देवळाच्या आवारात. अशा फांदीपासून झालेले झाड हे नवे झाड नव्हेच. ते जुनेच, पुढे चालत आलेले. जो बियांचा वंश सूर्यपक्ष्याच्या चोचीने चालवायचा, तो आपल्या शेजारधर्माने चालवला.

आता रोपवाटिकांत बशीएवढ्या फुलांच्या, दुरंगी, तिरंगी जास्वंदी मिळतात. त्या सुंदर आहेत, पण त्यांचे लाड फार करावे लागतात. गावठी जास्वंद कुंपणाला उभी राहते आणि बारा महिने देत राहते. तिला त्रास एकाच गोष्टीचा, पिठ्या ढेकणाचा. शेंड्यांवर कापसासारखे पांढरे दिसले की तो शेंडा छाटून टाकावा, उरलेल्यावर साबणाचे पाणी किंवा कडुनिंबाचे तेल फवारावे. मुंग्यांची रांग चढताना दिसली तर तिकडे आधी पाहावे, कारण या किडीच्या गोड स्रावासाठी मुंग्या तिची राखण करतात.

जुने वाडे पडतात, त्यांच्यासोबत परसातली जास्वंदही जाते, आणि तिथे नंतर शोभेची रोपे कुंडीत बसतात. म्हणून सांगणे एवढेच: तुमच्या ओळखीचे जुने घर पडणार असेल, तर त्याआधी तिथल्या लाल जास्वंदीची पेन्सिलीएवढी जाड फांदी मागून आणा. खालची पाने काढा, तिरका काप द्या आणि पावसाळ्याच्या तोंडाशी ओल्या मातीत खोचा. रुजली की पुढच्या वर्षी तिचीच एक फांदी शेजाऱ्यांना द्या.